तलाव किती भरू द्यायचा?

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात आलेल्या पुराबद्दल आजही जो वाद घातला जातो, तो चुकीच्या जागी अडकला आहे. एक बाजू सांगते की चार तासांत 109 मिलिमीटर पाऊस कोसळला, तिथे कोणाचे काय चालणार? दुसरी बाजू सांगते की अंबाझरी तलावाच्या सांडव्यासमोर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेसमोर, स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभारले, तलावाखालून वाहणाऱ्या नाग नदीच्या पात्रात आणि काठावर बांधकामे होऊ दिली, म्हणून पाणी घराघरांत शिरले. पुतळा हटवायचा की ठेवायचा यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात खल झाला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. या सगळ्यात एक साधा प्रश्न मागे राहिला. पाऊस सुरू होण्यापूर्वी तलावात पाणी किती असावे, हे कोणी ठरवले होते?

उत्तर असे की ते कोणा माणसाने ठरवलेच नव्हते. ते सांडव्याच्या माथ्याने ठरवले होते. पाणी त्या माथ्यापर्यंत चढते आणि मग आपोआप खाली वाहू लागते, इतकीच त्या तलावाची व्यवस्था. माझे म्हणणे असे आहे की वस्तीच्या डोक्यावर बसलेल्या प्रत्येक तलावासाठी, मग तो नागपूरचा असो, पुण्याचा असो की मुंबईचा, पावसाळ्याच्या कोणत्या पंधरवड्यात पाणी जास्तीत जास्त किती असावे याचे लेखी वेळापत्रक हवे. ते पाळता येईल अशी पाणी उतरवण्याची सोय हवी, आणि ते पाळले नाही तर जबाब देणारा एक अधिकारी हवा. मोठ्या धरणांसाठी आपण हे करतो. कोयनेत, जायकवाडीत, उजनीत कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा, याची मंजूर सूची असते आणि ती मोडली की विधानसभेत प्रश्न विचारले जातात. शहरातल्या तलावाला मात्र आपण शोभेची वस्तू समजतो. त्याच्या खाली हजारो घरे झोपलेली असतात, हे आपल्याला पूर आल्यावर आठवते.

त्या रात्री काय झाले ते थोडक्यात आठवू. गणपती बसून चार दिवस झाले होते. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि त्यातला बहुतेक पहाटे दोन ते चारच्या दरम्यान पडला. अंबाझरीच्या सांडव्यावरून पाणी उसळले आणि अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट, शंकरनगर अशा वस्त्यांत शिरले; पुढे सीताबर्डीपर्यंत दुकाने बुडाली. सुमारे दहा हजार घरांना फटका बसला, किमान चार जणांचा जीव गेला. मूकबधिर शाळेतल्या मुलांना आणि वसतिगृहातल्या मुलींना बचाव पथकांनी बाहेर काढले. शासनाने घरामागे दहा हजार आणि दुकानामागे पन्नास हजारांपर्यंत मदत जाहीर केली. ज्यांच्या तळमजल्यावरचे सगळे सामान चिखलात गेले, त्यांना हे पैसे कुठे पुरणार होते?

आता निसर्गाचा दाखला देणाऱ्यांचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे ऐकू. चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस ही किरकोळ गोष्ट नाही. शहराच्या पावसाळी गटारांची क्षमता तेवढ्यासाठी कधीच नव्हती. तलाव रिकामा असता तरी सखल भागांत पाणी साचलेच असते, हे मी मान्य करतो. पण लगेच 'ढगफुटी' म्हणून हात झटकणे मान्य नाही. हवामान विभागाच्या निकषाप्रमाणे ढगफुटी म्हणजे एका तासात शंभर मिलिमीटर. नागपूरचा पाऊस तिथपर्यंत पोचला नव्हता. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच्याशी तुलना केली तर नागपूरचा आकडा असा आहे की जो पुन्हा येणार हे गृहीत धरूनच शहर चालवायला हवे. जो पाऊस येणार हे माहीत आहे, त्याला संकट म्हणता येईल, अपवाद म्हणता येणार नाही.

शिवाय, साचलेले पाणी आणि वाहत आलेले पाणी यांत जीवनमरणाचा फरक आहे. गल्लीत पडलेला पाऊस गुडघाभर चढतो, हळूहळू चढतो. काठोकाठ भरलेल्या तलावावरून सुटलेला लोंढा मिनिटांत छातीपर्यंत येतो, गाड्या ढकलत नेतो, भिंती पाडतो. त्या पहाटे लोकांनी सांगितले ते हेच, की पाणी चढताना दिसलेच नाही, आले ते एकदम आले. या दुसऱ्या पाण्याबद्दल माझा वाद आहे.

तलावाची पातळी मीटरभर उतरवून असा काय मोठा फरक पडतो, असे विचारणारे अभियंते मला भेटले आहेत. म्हणून हिशेबच मांडू. समजा शंभर हेक्टरचा एक तलाव आहे आणि त्याचे पाणलोट क्षेत्र वीस चौरस किलोमीटर आहे. शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर त्या क्षेत्रावर वीस लाख घनमीटर पाणी पडते. उतार, रस्ते आणि भिजलेली जमीन पाहता त्यातले साठ टक्के तलावात आले, तर ते बारा लाख घनमीटर. तलाव आधीच भरलेला असेल, तर सांडव्याच्या माथ्यावर चढणारे थोडे पाणी सोडता हे सगळे काही तासांत खाली जाणार. चार तासांची सरासरी काढली तर सुमारे 2,900 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 2,900 घनफूट. तोच तलाव पावसाआधी एक मीटर उतरवलेला असेल, तर त्याच्या पोटात दहा लाख घनमीटर जागा असते. बारातले दहा लाख तो गिळतो. नुसता अर्धा मीटर उतरवला असेल तरी पहिला दीड तास तो खाली लोंढा जाऊ देत नाही. दीड तास म्हणजे काय? पहाटे अडीच वाजता म्हाताऱ्या आईला उठवून वरच्या मजल्यावर न्यायला, शेजाऱ्याचे दार ठोठवायला, वीज बंद करायला लागणारा वेळ. प्रत्येक तलावाचे आकडे वेगळे असतील. कुठे पाणलोट इतके मोठे असेल की मीटरभर उतरवूनही फारसे साधणार नाही. पण तो हिशेब त्या त्या तलावासाठी कोणी करून जाहीर केला आहे का? केला नसेल, तर 'फरक पडत नाही' हे कशाच्या आधारावर म्हणायचे?

पुतळ्याचा आणि अतिक्रमणाचा मुद्दा मला क्षुल्लक वाटत नाही. सांडव्याच्या तोंडाशी काहीही उभारू नये, ही धरण बांधणीतली प्राथमिक गोष्ट आहे. तिथे स्मारक असो, बाग असो की महापालिकेचे स्वतःचे कार्यालय, न्याय एकच असायला हवा. नाग नदीचे पात्र जागोजागी आवळले गेले, पूल बुटके राहिले, स्केटिंग रिंकपासून करमणुकीच्या पार्कपर्यंत जे जे बांधले गेले, त्यासाठी परवानगी देणाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण या मुद्द्यावरच सगळा भर दिला की दोन गोष्टी होतात. एक तर वाद श्रद्धेचा होतो. विवेकानंदांच्या बाजूचे आणि विरोधातले अशी माणसे वाटली जातात आणि पाण्याचा प्रश्न बाजूला पडतो. दुसरे म्हणजे, उद्या पुतळा सन्मानाने दुसरीकडे हलवला, पूल रुंद केला, पात्र मोकळे केले, तरी भरलेला तलाव भरलेलाच राहतो. सांडव्याचे तोंड मोकळे केल्याने पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, असलेला धोका कमी होईल. मात्र त्या मोकळ्या तोंडातून येणारे पाणी शेवटी शंकरनगरकडेच येणार आहे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळा आहे आणि तो मला अनेक दिवस टोचत होता. तलाव आधीच उतरवला आणि नंतर पाऊसच आला नाही तर? विदर्भात राहणाऱ्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात विहिरी आटतात, मार्चपासून टँकर फिरू लागतात, अशा प्रदेशात हातातले पाणी नदीत सोडून द्यायचे? ज्यांनी दुष्काळ पाहिला आहे त्यांना हे पाप वाटते, आणि त्यांच्या वाटण्याचा मी आदर करतो.

पण मग विचारायला हवे की हा तलाव आज कशासाठी आहे? अंबाझरीचा तलाव 1870 च्या सुमारास शहराला पाणी पुरवण्यासाठी सज्ज झाला. तेव्हा त्यातला प्रत्येक हंडा मोलाचा होता आणि सांडव्यापर्यंत भरलेला तलाव म्हणजे शहराचे वर्षभराचे अभय होते. आज नागपूर पाणी पिते ते पेंचचे आणि कन्हानचे. अंबाझरीतून पिण्याचे पाणी घेणे कधीच थांबले. वाडीकडून येणारे सांडपाणी त्यात मिसळते, जलपर्णी माजते. म्हणजे ज्या कारणासाठी तो काठोकाठ भरायचा ते कारण गेले आणि भरण्याची सवय तेवढी राहिली. तलावाचे काम बदलले की त्याची पातळीही बदलावी लागते. पिण्याच्या पाण्याच्या तलावाने पाणी जपायचे. ज्याच्याखाली शहर वाढले त्या तलावाने आधी जागा जपायची, मग पाणी.

याचा उलटा प्रवासही आपल्याकडे झालेला आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजी हैदराबादेत मुसी नदीला आलेल्या पुराने सुमारे पंधरा हजार माणसे नेली. त्यानंतर अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले आणि त्यांच्या सल्ल्यातून 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर उभे राहिले. त्या तलावांचे पहिले काम पूर अडवणे हे होते. शहराला पाणी देणे हे त्याच्या जोडीने आले. पूर येईल तेव्हा पोटात जागा असली पाहिजे, हे त्यांच्या जन्माचे कारण. मग शहर वाढले, तलाव भरलेला दिसला की लोक आनंदाने फोटो काढू लागले, पुराची आठवण पुसली गेली. ऑक्टोबर 2020 मध्ये त्याच हैदराबादेत पावसाने जुने चेरू, म्हणजे तलाव, भरभरून वाहिले. बालापूरजवळचा गुर्रम चेरू फुटला आणि खालच्या वसाहती पाण्याखाली गेल्या. भरलेला तलाव नेहमीच शुभ असतो, ही समजूत शेतकऱ्याची आहे आणि शेतीपुरती खरी आहे. ती जशीच्या तशी शहरात आणली की असे होते.

इथे माझ्या बाजूची एक अडचण मीच सांगतो, कारण जाणकार वाचक ती सांगणारच. धरणांच्या नेहमीच्या वेळापत्रकात जूनमध्ये पातळी कमी ठेवतात आणि सप्टेंबरअखेर धरण पूर्ण भरू देतात, कारण त्यानंतर पाऊस नसतो. नागपूरचा पूर तर 23 सप्टेंबरचा. म्हणजे वेळापत्रक असते तरी त्या दिवशी तलाव भरलेलाच असता! हा मुद्दा बिनतोड आहे, जर तलाव पाणीपुरवठ्याचा असेल तर. तो तसा नसेल, तर वेळापत्रकही धरणाचे उसने का घ्यायचे? नागपुरातून मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास परततो. तोवर मीटरभर जागा राखून ठेवली आणि त्यानंतर पाऊस आला नाही, तर हिवाळ्यात तलाव मीटरभर उथळ राहील. यात आपण गमावतो काय? नौकाविहाराची कड थोडी आत सरकेल, काठावर ओल्या चिखलाचा पट्टा दिसेल. त्याच चिखलात हिवाळी पाहुणे असलेले तुतारी आणि चिखले हे पक्षी चोच मारून पोट भरतात. तुडुंब भरलेल्या, दगडी पिचिंग केलेल्या काठावर त्यांना काहीच मिळत नाही. भूजलाचे नुकसान थोडे होईल, तेही मान्य. ते एका पारड्यात ठेवा आणि दुसऱ्यात दहा हजार घरे ठेवा.

आणखी एक आक्षेप यंत्रणेवरच्या अविश्वासातून येतो. दारे नसलेला सांडवा मूर्ख असेल, पण तो झोपत नाही, दारू पीत नाही, वरिष्ठांच्या फोनची वाट पाहत नाही. दारे बसवली की ती उघडणारा माणूस आला, आणि माणूस आला की चूक आली. चेन्नईचे उदाहरण यासाठी दिले जाते आणि ते योग्यच आहे. नोव्हेंबर 2015 च्या पावसाने चेंबरंबाक्कम तलाव भरत आला होता. 1 डिसेंबरला पुन्हा प्रचंड पाऊस झाला आणि तलावातून सुमारे 29,000 क्युसेक पाणी अड्यार नदीत सोडले गेले. काठावरचे अर्धे शहर बुडाले. पुढे कॅगने या आपत्तीला मानवनिर्मित ठरवले. पुण्यातही 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून सुमारे 35,000 क्युसेक सोडले गेले तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतले रहिवासी पाण्यातच जागे झाले, आम्हाला कोणी कळवले नाही असे ते सांगत होते.

या उदाहरणांचा मी नेमका उलटा अर्थ लावतो. चेन्नईत चूक दारे असण्याची नव्हती. पाऊस डोक्यावर आल्यावर, दुसरा पर्यायच उरला नसताना दारे उघडावी लागली, ही चूक होती. वरचा काल्पनिक तलाव पुन्हा घ्या. तो मीटरभर उतरवायला दहा दिवस दिले, तर रोज एक लाख घनमीटर सोडावे लागते, म्हणजे जेमतेम 41 क्युसेक. पुराच्या रात्रीचे 2,900 आणि शांत दिवसांतले 41! एवढ्यासाठी प्रचंड लोखंडी दारेही लागत नाहीत. पाळीच्या तळाशी जुनी मोरी असेल तर ती दुरुस्त करून चालेल, नसेल तर पाळीवरून नेलेले दोन-तीन जाड पाइप सायफनवर चालतील. नाग नदीसारखे आवळलेले पात्रही कोरड्या दिवशी 41 क्युसेक सहज वाहून नेईल. अंबाझरीच्या सांडव्यावर दारे बसवण्याची योजना पुरानंतर पुढे आली. ती चांगलीच आहे. पण दारे बसली आणि ती केव्हा उघडायची याचा कागद तयार झाला नाही, तर चेन्नईची चूक आपण पैसे मोजून घरी आणू.

हळू उतरवण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते तलाव वाचवण्याचे आहे. आपले जुने तलाव मातीच्या पाळीचे आहेत. पाणी घाईने उतरवले तर भिजलेल्या पाळीचा आतला उतार ढासळू शकतो, कारण मातीतले पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. म्हणजे ऐन रात्री जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने तलाव रिकामा करता येतच नाही. जे करायचे ते आधी, दिवसाला काही सेंटिमीटर या चालीनेच करावे लागते. पाणी साठवण्याची घाई आणि ते बाहेर काढण्याची अपुरी सोय एकत्र आली की काय होते, हे महाराष्ट्राने 12 जुलै 1961 ला पाहिले आहे. पानशेतचे काम अपुरे असताना त्यात पाणी साठू दिले गेले. धरण फुटले, खडकवासलाही गेले आणि पुण्याच्या पेठा बुडाल्या. साठवण आधी आणि विसर्गाची वाट नंतर, हा क्रम आपल्याला तेव्हाच महाग पडला होता.

आणि माणसावर विश्वास नसेल तर विश्वेश्वरय्यांचेच दुसरे काम आठवा. ते मुंबई इलाख्यात अभियंता असताना 1903 मध्ये त्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत दारे बंद राहत. पाणी त्यापुढे चढू लागले की ती स्वतःच उघडत, आणि पूर ओसरला की मिटत. त्यामुळे धरण न वाढवता सुमारे आठ फूट अधिक पाणी साठवता आले. सव्वाशे वर्षांपूर्वी, संगणक आणि उपग्रह नसताना, याच महाराष्ट्रात हे झाले आहे. आज दर तासाला पाणी मोजणारा सेन्सर आणि मोबाइलवर जाणारा इशारा एखाद्या चौकातल्या रोषणाईपेक्षा स्वस्त पडेल. तंत्र नाही, ही सबब टिकणार नाही.

खरी गाठ आहे ती तलाव कोणाचा, या प्रश्नाची. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांकडे पाहा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले. पाणी कधी सोडायचे, पाळीची डागडुजी कोणी करायची, गाळ केव्हा काढायचा, हे गावाला ठाऊक असे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे शेतसारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची व्यवस्था, संपली. ती जुलमी व्यवस्था होती, ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारकडे गेले आणि त्यांची रोजची राखण कोणाकडेच उरली नाही. शहरात तर याहून अवघड आहे. तलाव महापालिकेचा, भोवतालचा परिसर दुसऱ्या संस्थेकडे, पाळीची तांत्रिक जबाबदारी जलसंपदा विभागाकडे, नदीकाठची परवानगी सुधार प्रन्यासाची, वरून सांडपाणी सोडणारी नगर परिषद वेगळी. पूर आल्यावर प्रत्येकाकडे दाखवायला दुसऱ्याचे पत्र असते. त्या पत्रव्यवहारात पातळी किती ठेवायची हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर येत नाही, कारण तो कोणाचाच नाही.

पुण्याचेही तेच आहे. कात्रजचे तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातले, नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेण्यासाठी बांधलेले. ते पाणी पिणारी पिढी जाऊन दीर्घकाळ लोटला. त्यांच्या खालून आंबिल ओढा वाहतो, ज्याच्या काठावर भिंतीला भिंत लावून वस्त्या उभ्या आहेत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्या ओढ्यासह पुणे परिसरातल्या पुराने वीसहून अधिक बळी घेतले. तो दिवसही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलाच. मुंबईत मिठी नदीचा उगमच विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यात आहे. दोन्ही तलाव एकोणिसाव्या शतकात शहराची तहान भागवण्यासाठी बांधले. पवईचे पाणी आता पिण्यासाठी वापरत नाहीत. तरीही दरवर्षी 'पवई तलाव भरून वाहू लागला' ही बातमी आपण आनंदवार्ता म्हणून वाचतो. तो वाहू लागला म्हणजे खाली कुर्ल्याकडे काय निघाले आहे, हा विचार त्या बातमीत कुठे असतो?

तलाव भरलेला हवा असणारे आणि त्या पाण्यात बुडणारे हे दोन वेगळे लोक आहेत, हेही बोलले पाहिजे. काठावर फिरायला येणाऱ्याला, नौकाविहाराचे कंत्राट घेणाऱ्याला, गॅलरीतून तलाव दिसतो म्हणून फ्लॅटला जास्त भाव मिळवणाऱ्या बिल्डरला काठोकाठ पाणी हवे असते. त्यांचा आवाज महापालिकेत पोचतो. पाळीच्या खाली, नाल्याच्या काठी, तळमजल्यावर राहणाऱ्याला तलाव दिसतही नाही. त्याला पाणी दिसते ते दारातून आत येताना. पातळीचा निर्णय कोणीच न घेणे म्हणजे पहिल्या गटाच्या बाजूने निर्णय घेणेच आहे, आणि ही वाटणी मला अन्याय्य वाटते.

म्हणून मागणी नेमकी हवी. 31 मेपूर्वी प्रत्येक शहरी तलावाची पंधरवडावार कमाल पातळी ठरावी आणि त्यावर महापालिका आयुक्तांची सही असावी. ती ठरवताना खालच्या वस्त्यांतल्या लोकांना बोलावून ऐकावे. पाळीवर रंगवलेली पातळीपट्टी असावी, जी शाळकरी पोरालाही वाचता येईल, आणि रोजचा आकडा वॉर्ड कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लागावा. पातळी ओलांडली तर किती तासांत ती खाली आणायची आणि त्यासाठी कोणाला फोन करायचा, हे लिहिलेले असावे. रात्री पाणी सांडव्यावरून जाऊ लागले तर खालच्या प्रत्येक गल्लीत भोंगा वाजावा आणि वर्षातून दोनदा त्याची तालीम व्हावी. भोंग्याच्या बटणाची किल्ली पहाटे तीन वाजता कोणाच्या खिशात असेल, ते नाव आणि तो मोबाइल क्रमांक पातळीपट्टीशेजारी मोठ्या अक्षरांत रंगवलेला असावा.